कागदापुरता मदतनीस

३ मार्च २०२५, सोमवार
एचआर एक्झिक्युटिव्ह म्हणून आज पहिल्यांदा खरं काम मिळालं. चंद्रप्रकाश शेटना अंधेरीच्या थाई हॉटेलात थाई माणूस हवाय. म्हणाले, गिऱ्हाईक काचेतून किचनमध्ये बघतं आणि त्याला वर्सोव्याचा सिद्धेश दिसतो. बँकॉकच्या बुनमीबाई यायला तयार आहेत. व्हिसासाठी त्यांचं पद आणि पगार ठरवायचा मी. बी.कॉम. अर्धवट सोडल्याची आज खंत वाटली नाही.
तेजलला मेसेज केला. तेजल सिद्धेशची बहीण. आमचं जवळपास ठरलेलंच आहे, फक्त बोलणी व्हायची आहेत. तिने अंगठा पाठवला.

५ मार्च
पद : एक्झिक्युटिव्ह शेफ. भारदस्त वाटतं. शेटना दाखवलं, तेही खूश. मग नियम वाचला. परदेशी माणसाला वर्षाला निदान सव्वासोळा लाख द्यावे लागतात. शेट म्हणाले, एवढ्या पैशांत मीच बँकॉकला जाऊन भांडी घासतो.

६ मार्च, सकाळ
तोडगा सापडला. स्वतःच्या देशाचं जेवण करणारा परदेशी 'कुक' असेल तर पगाराची ती अट नाही. बाईंना शेफचं कुक केलं. महिना पन्नास हजार. त्या वाईट वाटून घेणार नाहीत. तिकडे पदाचं एवढं नसावं. शेट शाब्बास म्हणाले. माझं नाव निमेश आहे हेही आज त्यांना आठवलं. एरवी नितेश म्हणतात.

१० मार्च
एक अडचण. हे काम करणारा भारतीय मिळत नाही, असं पत्रात लिहून द्यायचं आहे. शेट म्हणाले, मग नऊ वर्षं आपल्याकडे करी करतोय तो सिद्धेश कोण? मी एका मिनिटात म्हणालो, मदतनीस. मस्टरवर बदल केला. सुवाच्य.
सिद्धेशला समजावलं, फक्त कागदावर आहे रे, काम तेच, मान तोच. तो गवती चहा कुटत होता. म्हणाला, "उद्या कागदावर मला मारलंस तर तेराव्याला कोलंबी कर, वांगी नको." विनोदी आहे. मेहुणा म्हणून चालेल.

७ एप्रिल
पगार झाले. सिद्धेशला चौतीसऐवजी चौदा हजार आले. शेटना विचारलं. म्हणाले, कागद आणि बँक जुळायला पाहिजे, हे तूच मला शिकवलंस ना. मुद्दा बरोबर आहे. सिद्धेशच्या होडीच्या इंजिनाचा हप्ता असतो म्हणे. त्याने ॲप्रन काढला, घडी केली, माझ्या टेबलावर ठेवला आणि गेला. घडी व्यवस्थित होती, म्हणजे फार चिडला नसावा.
संकल्प : पुढच्या महिन्यात शेटशी ठामपणे बोलायचं.

९ एप्रिल
बुनमीबाईंचे कागद बँकॉकच्या आपल्या वकिलातीत पाठवले. मूळ पत्र आणि अ ते ड जोडपत्रं. मागितली होती तीनच, चौथं मी स्वतःहून जोडलं. शुद्धलेखनाची एकही चूक नाही.
सिद्धेशच्या जागी सध्या पिंटू वेटर करी करतोय. एका बाईंनी विचारलं, ही कढी आहे का? लोक फार बोलतात.

१४ एप्रिल
तेजल फोन उचलत नाही. मासळीचा सीझन असेल.

२८ एप्रिल
व्हिसा नामंजूर. कारण : जोडपत्र ड. ते आमचं मेनूकार्ड. पहिल्या पानावर सिद्धेशचा हसरा फोटो आणि खाली 'थाई जेवणाचे आमचे उस्ताद, नऊ वर्षांचा अनुभव'. मजकूर माझाच आहे. छान उतरला होता. मेनूकार्ड जोडू नकोस असं मला कोणी सांगितलं नव्हतं, हे इथे नमूद करतो.
शेट शांतपणे म्हणाले, "नितेश, सिद्धेशला घेऊन ये. नाहीतर तू पण येऊ नकोस."

२९ एप्रिल
वर्सोव्याला गेलो. सिद्धेश घरी नव्हता. मालाडच्या एका हॉटेलात लागलाय, शेफ म्हणून. तेजल दारात कोलंबी सोलत होती. बस म्हणाली नाही. उभ्यानेच तिला नियम समजावला, कुक आणि शेफमधला फरकही. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "दादाला तू मदतनीस केलंस. लग्न करून मला काय केलं असतंस रे?"
प्रश्न रास्त आहे. अशा प्रश्नाला घाईत उत्तर देऊ नये. मी थोडी मुदत मागितली. ती हसली. चांगलं लक्षण.

४ मे, रविवार
उत्तर घेऊन गेलो. एकच पान. पद : पत्नी. जबाबदाऱ्या, सुट्ट्या, आईचं औषधपाणी, सगळं नीट मांडलेलं. पद पुढे कधीही बदलणार नाही, असंही शेवटी घातलं होतं.
तेजल नव्हती. तिची आई कृष्णाबाई बाहेर आली. तिने कागदाकडे पाहिलंही नाही. म्हणाली, "ये रं बाला, पेढा घे. तेजलचा साखरपुडा झाला काल."
पेढा घेतला. भांडुपला आई आमचं ठरायची वाट बघत असेल म्हणून तिच्यासाठी आणखी एक मागून घेतला.
तेजलकडचा म्हटल्यावर आईने तो देवापुढे ठेवला, मग खाल्ला. डोळे पुसून म्हणाली, "बरा झाला हो. तारीख खयची धरल्यानी?"
उद्या बघून सांगतो म्हणालो.