पाच भोकांचे दोन कागद

स्त्रीन, १८ ऑगस्ट १९९८

ती. ओलाउग आत्यास,
सा. न. वि. वि.

मागच्या पत्रात मी तुला एक खोटं लिहिलं, ते आधी दुरुस्त करते. बाबांच्या जुन्या रायफलीच्या पाच गोळ्या शंभर मीटरवर पंजाएवढ्या पसरतात, असं लिहिलं होतं. त्या गोळ्या बाबांनी मारलेल्या होत्या. त्याच दुपारी, त्याच रायफलीतून, वाळूच्या पिशवीवर टेकवून मीही पाच मारल्या. त्या सगळ्या एका क्रोनच्या नाण्याखाली झाकल्या जातात. माझ्या त्या पाच भोकांचा निशाणाचा कागद आज सोबत पाठवते आहे. ते पत्र लिहिताना बाबा शेजारीच कॉफी ओतत होते आणि मला धीर झाला नाही. मला अक्षरं शिकवताना तू म्हणायचीस, खाडाखोड चालेल, लबाडी नको.

तू माझ्या लिहिण्यावर विसंबून नळी झिजली असेल, नवी रायफल घ्या, असं कळवलंस. बाबा खूश झाले. म्हणाले, आमची ओलाउग कानांनी गेली, फोनवर ओ देत नाही, पण बंदुकीतलं तिलाच कळतं. मग आम्ही तीन रायफली तपासल्या, एक शेजारच्या हाल्वोरची आणि दोन दुकानातल्या. गोळी आत ढकलणारा बोल्ट अडखळतो का, ओला लाकडी दस्ता फुगून नळीला घासतो का, थंड नळीची पहिली गोळी कुठे जाते, सगळं मी वहीत उतरवलं. हरीण दुसऱ्या गोळीसाठी थांबत नाही, हेही तुझंच. तिन्ही उत्तम आहेत. बाबांच्या हातात तिन्हींच्या गोळ्या पंजाएवढ्या पसरतात. हाल्वोर म्हणाला, अस्लाक, चार बंदुका खोट्या आणि तू एकटा खरा होय रे? सगळ्यांत मोठ्याने बाबाच हसले.

गेल्या हंगामात त्यांच्या गोळीने एका हरणीचा जबडा तुटला. हाल्वोरच्या कुत्रीला ती नवव्या दिवशी नदीकाठी सापडली, उपाशी, पाडस शेजारी उभं. तेव्हाही बाबा बंदुकीलाच बोलले. हंगाम दहा सप्टेंबरला सुरू होतो. आई गेल्यापासून ते त्या दिवसांवरच जगतात. बोल्टशिवाय बार उडत नाही; तो काढून लपवावा का?

एवढं वाचूनही लोभ राहिला तर कळव.

तुझी,
इंगुन


ओलेसुन, २५ ऑगस्ट

चि. इंगुन हिस अनेक आशीर्वाद.

कागदावर नाणं ठेवून पाहिलं. झाकलं. गाढवे, इतकं चांगलं मारतेस आणि लपवतेस?

आता खरं विचारते. अस्लाक तोंडाकडे बघताना मान तिरकी करतो का? कॉफी कपाबाहेर ओततो का? आमच्या वडिलांना कडेचं सगळं दिसे, मधोमध मात्र धुरकट डाग. बंदुकीवरच्या दुर्बिणीतून तर मधलंच बघायचं असतं.

बोल्ट लपवू नकोस. मी वडिलांचा लपवला होता. पंचविशीत होते, सांगायची हिंमत नव्हती, म्हणून फ्योर्डाच्या खोल पाण्यात टाकला आणि मला ठाऊक नाही म्हटलं. वडिलांनी घर, गोठा, नावघर, सगळं उपसलं. मग त्यांना वाटू लागलं की डोकंच चाललं आपलं. मरेपर्यंत माझी माफी मागत राहिले, पोरी, कुठे ठेवला तेच आठवत नाही गं, म्हणून. मी बोलले नाही. तुमची जुनी रायफल तीच, बोल्ट तेवढा मागाहून बसवलेला. हे अस्लाकलाही माहीत नाही.

यातून सुटायची वाट मला दिसत नाही. तुला दिसली तर मला सांगायला विसरू नकोस.

तुझी आत्या,
ओलाउग


स्त्रीन, १ सप्टेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

मान तिरकी करतात. कॉफीही सांडते. टेबलावरचं मेणकापड मी रोज पुसते आणि मला वाटायचं, घाईत असतात.

शिकारीच्या हंगामाआधीची सक्तीची नेमबाजीची परीक्षा बाबा सहाव्या खेपेला पास झाले. कितीदाही प्रयत्न करा, असाच नियम आहे. आता त्यांना अडवणारं कोणी उरलं नाही. काल मला म्हणाले, कोणती घ्यायची ते तूच ठरव, तुझ्या डोळ्यांवर माझा भरवसा आहे. मी गोठ्यात जाऊन रडले, मग हात धुऊन परत आले.

सांगितलं तर ते ओरडणार नाहीत, तेच भय आहे. कपाट बंद करतील, आईच्या खुर्चीत बसतील आणि हिवाळाभर तिथेच राहतील. नाही सांगितलं तर आणखी एक हरणी नऊ दिवस उपाशी फिरेल. दोन्ही मला इथूनच दिसतं, डाग न पडलेल्या डोळ्यांना.

माझा कागद परत पाठव. त्यांचा आणि माझा, दोन्ही कागद त्यांच्यासमोर ठेवीन, मधोमध नाही, जरा कडेला, म्हणजे त्यांना दिसतील. आजोबांच्या बोल्टचंही सांगू का, की ते तू सांगशील?

लोभ ठेव. घरातला मात्र कमी होणार आहे.

रायफल घ्यायला शनिवारी दुपारी येतो, असा दुकानदाराला त्यांनी शब्द दिला आहे. मी त्याच सकाळी सांगणार, पाच सप्टेंबरला, कॉफीचा पहिला कप मीच ओतून.

तुझी,
इंगुन