खिडकीकडे पाठ असलेली खुर्ची

हुडकेश्वर, नागपूर

प्रिय ओमप्रकाश,

समोरासमोर बसलो की आपण एकमेकांना अरे-तुरे करतो. कागदावर मात्र मी आदरानेच लिहितो. शाळा चौथीपर्यंतच झाली असली, तरी गुरुजींनी लावलेले हे वळण मी आजवर मोडलेले नाही. तेव्हा या पत्रातील ‘तुम्ही’ला परकेपणा समजू नये. तुम्ही फोन घेत नाही, म्हणून लेखणी हाती घेतली.

तुमच्या नातवाकडून, पियूषकडून कळले की तुम्ही सीताबर्डीच्या दुकानात बसणे सोडले, किल्ल्या त्याच्या स्वाधीन केल्या आणि ‘आता माझं डोकं चालत नाही’ असे म्हणून आपण ज्यावर खेळतो तो टॅब्लेटही कपाटात ठेवून दिला. तुमचे थोरले बंधू अखेरच्या काळात घरच्यांचे चेहरेही विसरले होते. तुमच्या मनात कोणते भय बसले आहे, हे मला कोणी सांगावे लागत नाही. निमित्त आपल्या बॅकगॅमनचे, त्या फासे-सोंगट्यांच्या खेळाचे झाले, याचे फार वाईट वाटते. पियूषने कौतुकाने आपले अलीकडचे डाव संगणकाकडून तपासून घेतले आणि अहवाल आला, की ढोबळ चुका सगळ्या ओमप्रकाश यांच्या, उत्तम चाली रुपराव यांच्या. त्याहून वाईट म्हणजे, जे सामने जिंकल्याचे तुम्हाला पक्के आठवत होते, ते कागदावर तुम्ही हरलेले निघाले. मी तो अहवाल आमच्या बगिच्यातील मंडळींना वाचून दाखवला. स्वतःच्या विजयाबद्दल शंका घेण्याची सवय कोणाला असते?

परंतु तुम्ही खेळ सोडल्यावर मला चैन पडेना. एका डॉक्टरचा अहवाल दुसऱ्याला दाखवतात, तसे हे डाव दुसऱ्या एखाद्या प्रोग्रामला दाखवावेत, असे मी माझ्या नातीला, भूमिकेला, सुचवले. पियूषने फाइली पाठवल्या, पण तिच्या प्रोग्रामला त्या वाचताच येईनात. प्रत्येकाची लिहिण्याची रीत निराळी असते म्हणे. एक पटावरची घरे कायम एकाच बाजूने मोजतो. दुसरा ज्याची चाल त्याच्या बाजूने, म्हणजे माझे पहिले घर ते तुमचे चोविसावे. तिच्या पहिल्या रूपांतरात तुमच्या सोंगट्या चक्क उलट्या चालू लागल्या. ‘आबा, हे तर घरी यायचं सोडून घरून पळून राहिले!’ म्हणून ती हसली. पण पोरीची चिकाटी मोठी. एकेक ओळ ताडून पाहत तिने ते डाव एका रीतीतून दुसऱ्या रीतीत असे उतरवले, की एकही फासा इकडचा तिकडे झाला नाही. निकाल मात्र तोच आला.

मग मी पुठ्ठ्यावर पट आखला, सोंगट्यांच्या जागी शर्टाची बटणे मांडली आणि तिला चाली मोठ्याने वाचायला लावल्या. ओमप्रकाश, ‘रुपराव’ या नावापुढचा तो खेळ काय वर्णावा! प्रतिपक्षाच्या घरात दोन सोंगट्या अशा रोवून धरलेल्या, की मोठा फासा पडला तरी पळण्याचा मोह नाही. संधी येईपर्यंत थांबणे, आणि आली की एका फटक्यात डाव उलटवणे. इतका धीर माझ्या अंगी कधी आला, याचे मलाच नवल वाटू लागले.

पुढे एका ठिकाणी भूमिकेने वाचले, की ‘ओमप्रकाश’ यांनी स्वतःच्या घरात दोन सोंगट्या एकेकट्या, मारल्या जातील अशा उघड्या सोडल्या. प्रोग्रामने तिथे सर्वांत मोठी चूक दाखवली होती. मी बटण हलवले आणि तुमचा आवाज कानाशी आला: ‘काहून गा रुपराव, घराले कुलूप लावाचं राहिलं का?’ सत्यवती वहिनी चहा घेऊन आल्या होत्या, त्याही हसल्या होत्या. हा टोमणा तुम्ही मला मारला होता. ती चाल माझी होती.

कारणही तेव्हाच उमगले. टॅब्लेटवर तुम्ही पहिल्याच दिवशी नावे लिहिली होती, पांढऱ्या सोंगट्यांपुढे तुमचे, काळ्यांपुढे माझे. पुढे माझ्या मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आणि खिडकीचा उजेड डोळ्यांत टोचू लागला. मी काही बोललो नव्हतो. तुम्हीच उठलात आणि खिडकीकडे पाठ असलेली स्वतःची खुर्ची मला दिलीत. त्या बाजूच्या पांढऱ्या सोंगट्याही मग माझ्याकडे आल्या, आणि तपासलेले डाव सगळे त्यानंतरचेच. नावे बदलण्याचे आपल्यापैकी कोणालाच सुचले नाही. ती बारीक इंग्रजी अक्षरे पाहतो कोण? भूमिकेचे दुसरे रूपांतर बिनचूक होते, दोन्ही प्रोग्रामही बरोबर होते. कोण कोणत्या खुर्चीवर बसले, हे मात्र कोणत्याच फाइलीत लिहिलेले नसते. तेव्हा ते सामने तुम्हीच जिंकलात आणि तुम्हाला आठवते ते सर्व खरे आहे. हे सांगण्यासाठीच हे पत्र. बगिच्यातही मी उभा राहून सर्वांना खरे काय ते सांगितले. त्या मंडळींतला प्रेमानंद अजून हसून राहिला आहे. रविवारी येतो. टॅब्लेट कपाटातून काढून ठेव, किल्ल्या परत घे, नावे भूमिका बदलून देईल. खुर्ची मात्र परत मिळणार नाही.

तुझाच,
रुपराव