लुंबुंगच्या दोन किल्ल्या

मी, सुवार्नो हादिविजोयो, वय एकसष्ट, राहणार सेमारांग, हे मृत्युपत्र राजीखुशीने करीत आहे. डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे, कारण त्यावरही कोणीतरी शंका काढणारच.

१. घर व बँकेतील शिल्लक पत्नी उमियातीची. भावांनी आशेवर राहू नये.

२. दुकान-गोदामाचे व्यवहार सांभाळणारी 'लुंबुंग' ही संगणकप्रणाली मी आणि भागीदार रेत्नोवुलान यांनी उभी केली. तिचा कोड उघडा आहे. कोणीही पाहावा, बदलावा, फुकट वापरावा. तसाच राहावा, एवढीच माझी इच्छा.

३. माझ्या हाती फक्त एक किल्ली, म्हणजे पासवर्ड. आमचा नेम असा की दोघांनी किल्ली लावल्याशिवाय नवी आवृत्ती बाहेर पडत नाही. नव्या आवृत्तीने चालू काम मोडणार नाही, अशी ग्वाही माझी. ती आवृत्ती दुकानदाराला हवी आहे, अशी रेत्नोची. रेत्नो आधी गिऱ्हाइकाला शब्द देते, मग मला विचारते. लेबारान सणाच्या ऐन गर्दीत तिला नवी आवृत्ती हवी होती. मी अडून बसलो म्हणून दुकाने चालू राहिली. ती म्हणते, गिऱ्हाइके गेली. दोन्ही किल्ल्या तिच्याकडे गेल्या तर ती कोड बंद करून विकेल, असा मला दाट संशय आहे. सबब माझी किल्ली माझा शिष्य गालिह याला. त्याला दुकानातले काही कळत नाही, पण तो कोणाचे ऐकतही नाही.

४. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. म्हणून रेत्नोला मुद्दाम साक्षीदार केले आहे.

५. (वाचनानंतर वाढवलेले.) नोटरीबाईंनी वरील मजकूर रिवाजाप्रमाणे सर्वांसमोर वाचला. रेत्नो मला 'मास', म्हणजे दादा, म्हणते. ती म्हणाली, "वा मास, जेवायला बोलावून ताटच काढून घेतलंत की. माझंही मृत्युपत्र याच बाईंकडे आहे. दाखवा हो यांना."

मी ते दोनदा वाचले, शिक्काही तपासला. तिने तिची किल्ली माझ्या नावे केली आहे.

"मला का?"

"तुमच्याइतका संशयी माणूस दुसरा कुठे मिळणार? लुंबुंग लाटायला कोणी आलं, तर तुम्ही त्याला दारातूनच हाकलाल."

मला फार ओशाळल्यासारखे झाले.

सबब कलम ३ व ४ रद्द. माझी किल्ली रेत्नोला. तिने ती स्वतःजवळ न ठेवता, तिला तोंडावर नाही म्हणेल अशा माणसाला द्यावी. माणूस तिनेच निवडावा.

सेमारांग, २१ ऑगस्ट २०२३
सही: सुवार्नो हादिविजोयो

साक्षीदार:
१. सुलिस्त्यो, शेजारी (सही)
२. रेत्नोवुलान: नाव खोडले, कारण आता ती वारस आहे. तिच्या जागी नोटरीबाईंच्या कारकून विद्यानिंगसिह (सही)