भरतीच्या वेळी न दिसलेल्या दोऱ्यांबाबत

प्रति,
मा. सहसंचालक,
परकीय गुंतवणूक साहाय्य कक्ष
(कृषी, वने व मत्स्यव्यवसाय),
प्रशासकीय इमारत, तिसरा मजला.

विषय : खाडीतील शेवाळाच्या दोऱ्यांबाबतची हरकत नेमकी कोणत्या टेबलावर द्यावी, हे ३१ मार्चपूर्वी कळविण्याबाबत.

संदर्भ : १) आपली जाहीर नोटीस, दि. २ जानेवारी.
२) माझे अर्ज, दि. ९ जानेवारी, ३० जानेवारी व २० फेब्रुवारी (तिन्ही अनुत्तरित).

महोदय,

१. आपल्या दालनाबाहेरच्या खिडकीत काचेची एक बाटली आहे. ९ जानेवारीस मी ती नमुना म्हणून जमा केली, तेव्हा तिच्यातील शेवाळाची फांदी सहा सेंटिमीटर लांब होती व तिला चार फाटे होते. आज, सत्त्याहत्तर दिवसांनी, लांबी चौदा सेंटिमीटर असून फाटे अकरा आहेत. आपले शिपाईमामा दर सोमवारी कामावर येताना खाडीचे ताजे पाणी आणून बाटलीतले पाणी बदलतात. त्याबद्दल त्यांचे आभार मानणे हा या अर्जाचा विषय नाही, तरी मानते. त्यांचे म्हणणे असे, की या मजल्यावर सध्या पुढे सरकणारी ही एकच गोष्ट आहे.

२. मी पाणी तपासणी प्रयोगशाळेत नोकरी करते. सुटीच्या दिवशी, आणि ज्या दिवशी ओहोटी कामाच्या वेळेआधी असेल त्या दिवशी, सासरच्या माणसांबरोबर खाडीत उतरते. तेथे आम्हा एकेचाळीस बायकांच्या दोऱ्या आहेत. तळाशी रोवलेले दोन खुंट, त्यांच्यामध्ये ताणलेली दोरी आणि दोरीला वीतवीतभर अंतरावर बांधलेले शेवाळाचे तुकडे, एवढीच ही सगळी यंत्रणा. पंचेचाळीस दिवसांत तुकडा चौपट होतो. तो कापायचा, वाळवायचा, विकायचा. आपण सकाळी ज्या पेस्टने दात घासता ती नळीतून पाण्यासारखी ओघळत नाही, यात या शेवाळातून निघणाऱ्या डिंकाचा, म्हणजे आमचाही, थोडा वाटा असू शकतो. कोणाची दोरी कोणती हे कळावे म्हणून प्रत्येक जण आपल्या खुंटाला लांब सुतळी, सुतळीला बुचाचा तुकडा आणि बुचाला जुन्या कपड्याची चिंधी बांधते. भरतीत दोऱ्या बुडतात, चिंध्या वर तरंगतात. माझी चिंधी निळी आहे. सासूबाईंची चौकटीची, ती पूर्वी माझ्या सासऱ्यांचा सदरा होती.

३. आपल्या नोटिशीनुसार ही संपूर्ण खाडी तीस वर्षांसाठी एका परदेशी कंपनीस शेवाळाच्या लागवडीकरिता देण्याचे योजिले आहे. त्याला आधार आहे पाहणी पथकाच्या अहवालाचा. पथक १४ नोव्हेंबर रोजी दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी, म्हणजे पूर्ण भरतीच्या वेळी, होडीतून आले. अहवालात लिहिले आहे : "क्षेत्र मोकळे. कोणताही वापर आढळला नाही. ठिकठिकाणी चिंध्यांचा कचरा तरंगताना दिसला." हे निरीक्षण त्या वेळेपुरते बिनचूक आहे. बारा वाजून दहा मिनिटांनी आमचा वापर एक मीटर ऐंशी सेंटिमीटर पाण्याखाली होता. पथक सहा तास थांबले असते तर कोरड्या पायांनी नाही, पण उघड्या डोळ्यांनी सगळे पाहता आले असते. कंपनीच्या आराखड्यात पहिल्याच वर्षी हा कचरा हटवून खाडी स्वच्छ करण्याचे कलम आहे आणि पर्यावरणाची सेवा म्हणून त्याला आपल्या कक्षाने दहापैकी नऊ गुण दिले आहेत. एक गुण का कापला, हे कळले नाही.

४. नोटिशीच्या शेवटच्या ओळीत असे आहे, की ३१ मार्चपर्यंत सक्षम कार्यालयाकडे हरकत न आल्यास आमची संमती गृहीत धरली जाईल. आम्ही हरकत घेऊन सक्षम कार्यालय शोधत आहोत. शोधाचा वृत्तान्त असा :

(अ) कृषी कार्यालयाने जमिनीचा उतारा मागितला. आमची जमीन पाण्याखाली आहे असे सांगितल्यावर तेथील लिपिकांना फार वाईट वाटले आणि त्यांनी पुराच्या नुकसानभरपाईचा छापील अर्ज हातात दिला.

(आ) वन कार्यालयाने छातीच्या उंचीवर घेर किती, असे विचारले. मोजण्याची ही रीत मला ठाऊक आहे व झाडांसाठी ती योग्यच आहे. आमच्या रोपाला खोड नाही, मूळ नाही. ते छातीच्या उंचीवर यायचे तर वनरक्षकांना खाडीत उभे राहावे लागेल. तशी विनंती मी लेखी केली आहे.

(इ) मत्स्यव्यवसाय कार्यालयात सर्वांत आपुलकीने वागवले गेले. बसायला खुर्ची व चहा मिळाला. मात्र 'नौका क्रमांक' हा रकाना भरल्याशिवाय संगणक पुढे जात नाही, आणि आम्ही तर चालत जातो. माझ्या नणंदेला काहीही अडून राहिलेले बघवत नाही. तिने तेथे, आम्ही ज्यातून शेवाळ वाहून आणतो, त्या घमेल्याची नोंद केली : लांबी साठ सेंटिमीटर, इंजिन नाही, चालक एक. घमेल्याला क्रमांक मिळाला. हरकत मात्र तिथेच राहिली, कारण पंधरा दिवसांत सदर नौकेवर दोन जीवरक्षक जाकिटे व एक दिवा नसल्याची नोटीस आली. ठरलेल्या तारखेस घमेले तपासणीसाठी धक्क्यावर हजर केले असता तपासनीस रजेवर होते. पुढील तारीख एप्रिलमधील आहे.

५. आपल्या कक्षाच्या तक्त्यात मात्र 'कृषी, वने व मत्स्यव्यवसाय' ही एकच ओळ आहे. कंपनीने शेवाळ दाखवले, की ते शेती, वन आणि मासा हे सगळे एकदमच असते व एकवीस दिवसांत मार्गी लागते. तेच आम्ही दाखवले, की ते यांपैकी काहीच नसते. कंपनीचा नमुना आणि आमचा नमुना मी प्रयोगशाळेत भिंगाखाली शेजारी शेजारी ठेवून पाहिला. फरक आढळला नाही. चूक माझ्या भिंगाची असल्यास कळवावे.

६. आमची हरकत याच कक्षाने घ्यावी, असे मी आपल्या साहाय्यकांना सुचवले. हा कक्ष फक्त बाहेरून येणाऱ्यांसाठी आहे, असे उत्तर मिळाले. त्यावर नम्र निवेदन असे, की मला लग्न होऊन या घरात एकोणीस वर्षे झाली, तरी घरात वाद निघाला की मला अजून बाहेरचीच म्हणतात. माहेरून आणलेली दोरीची बारा बंडले व एक वजनकाटा मी या खाडीत घातला. ती बाहेरून आलेली, मध्ये कोणी दलाल नसलेली, अगदी थेट गुंतवणूक आहे. मी बाहेरची असल्याचे प्रमाणपत्र नणंदेने लिहून दिले आहे. ते तिने जरा जास्तच खुशीने दिले, पण त्यामुळे त्याची सत्यता कमी होत नाही. ते ग्राह्य धरल्यास मला आपल्या रांगेत उभे राहता येईल.

७. एक गोष्ट कक्षापासून लपवणे योग्य नाही. आमची हरकत अद्याप सहीविना आहे. खाडीत पहिली दोरी माझ्या सासूबाईंनी सव्वीस वर्षांपूर्वी बांधली, त्यामुळे सही त्यांची हवी असे बाकी चाळीस जणींचे म्हणणे आहे. कंपनीचे प्रतिनिधी सभ्य गृहस्थ असून ते आमच्याकडे पाच वेळा येऊन गेले. संमती दिली तर याच खाडीत, याच कामासाठी, बायकांना महिन्याचा पगार, आठवड्याची सुटी व गुडघ्यापर्यंतचे बूट मिळतील, असे ते सांगतात. बूट मी हाताळून पाहिले. चांगले आहेत. सासूबाईंचे दोन्ही गुडघे गेलेले आहेत आणि थंडीत त्यांना भिंत धरून उठावे लागते, हेही मला रोज दिसते. म्हणून मी त्यांना एकदाच विचारले, दुसऱ्यांदा विचारले नाही. प्रतिनिधींना, शेजारणींना आणि मला, सर्वांना त्यांचे गेले तीन महिने एकच उत्तर आहे : बघू. आपल्या कक्षाचेही तेच असल्याने त्यांना दोष देता येत नाही. फरक एवढाच, की ३१ मार्चनंतर आपल्या 'बघू'चा अर्थ होकार होतो, आणि दोऱ्या मात्र सासूबाईंच्या आहेत.

८. सबब, हरकत घेण्याचे टेबल, त्यावर बसणाऱ्या व्यक्तीचे पद आणि ती व्यक्ती जागेवर असण्याची वेळ, या तीन बाबी कळवाव्यात. पाहणी पुन्हा करायची असल्यास सोबतच्या वेळापत्रकात ओहोटीच्या वेळा लाल शाईने दाखवल्या आहेत.

उत्तर मिळेपर्यंत आपल्याच बाकावर बसणारी,

(सही)
दोरीधारक, निळी चिंधी
दि. २७ मार्च

सोबत :
१) भरती-ओहोटीचे वेळापत्रक.
२) दोऱ्यांच्या वजनांच्या वहीची नक्कल, मागील सहा वर्षे.
३) अर्जदार बाहेरची असल्याबाबत नणंदेचे प्रमाणपत्र.
४) घमेल्याच्या नोंदणीची प्रत (घमेले रोज वापरात असल्याने मूळ जोडलेले नाही).

ता.क. (दि. २८ मार्च) : काल साहेब दौऱ्यावर असल्यामुळे आवक टेबल बंद होते व हा अर्ज माझ्याबरोबर घरी परत आला. ते बरेच झाले. आज सकाळी सातच्या ओहोटीला कंपनीचे प्रतिनिधी सहाव्यांदा आले, वहाणा हातात घेऊन आमच्या दोऱ्यांपर्यंत चालत आले आणि संमतीपत्र पुढे धरून त्यांनी सासूबाईंना पुन्हा विचारले. सासूबाई वाकलेल्या होत्या. हातातली गाठ त्यांनी पूर्ण आवळली, माझ्या खांद्याचा आधार घेऊन सरळ उभ्या राहिल्या. त्या बोलल्या तेव्हा आम्ही सतरा जणी हजर होतो. त्यांचे पुढील शब्द हाच आमच्या हरकतीचा मजकूर समजावा, आणि टेबल कोणतेही असो, तो जसाच्या तसा नोंदवून घ्यावा :

"नाही साहेब, खाडी द्यायची नाही. तुम्हाला इथं काम हवं असेल तर उद्या पावणेआठला ओहोटी आहे, या. गाठ मारायला शिकवते."