टाकीच्या नाकातली चिंधी

वस्ताद, तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली ते मोजायचं मी कधीच सोडून दिलंय. पण गेल्या आठवड्यात विमानाच्या पंखाखाली वाकलो, ओठाला कापड लागलं, आणि तुमचा पंजा पाठीत बसल्यासारखा वाटला. म्हणून हे लिहायला घेतलं.

विमान म्हटल्यावर तुम्ही आधी पोट धरून हसाल. शुक्रवार पेठेतल्या तुमच्या पत्र्याच्या शेडमध्ये शेतावरची डिझेल इंजिनं खोलून-जोडून शिकलेला मी, माझा आणि विमानाचा काय संबंध? तर ज्या चादरीच्या कारखान्यात मी माग दुरुस्त करत म्हातारा झालो, त्याच्या मालकांनी हौसेनं चार माणसांचं छोटं विमान घेतलं. गावाबाहेरच्या धावपट्टीला शेड बांधली आणि मला म्हणाले, "मामा, घरी बसून गंजण्यापेक्षा हितं बसा." खरी दुरुस्ती परवान्याचा इंजिनिअर येऊन करतो. मी विमान पुसतो, झाकतो, पेट्रोल भरताना शिडी धरतो. पण तुम्ही लावलेली खोड जाते कुठं? पेट्रोलच्या काट्यावर माझा विश्वास बसत नाही. काटा म्हणजे लग्नातला आचारी, "लई हाय, लई हाय" म्हणत राहतो आणि शेवटच्या पंगतीला वरण संपतं. म्हणून उडण्याआधी दोन्ही पंखांतल्या टाक्यांत खुणा केलेली काडी घालायची, तळातलं थोडं पेट्रोल बाटलीत काढून पाणी आहे का बघायचं, आणि टाकी जिथून हवा घेते त्या नळीत रबरी नळीनं हलकी फुंकर मारायची. विमान चालवणारी कॅप्टन पोरगी टेंभुर्णीकडची आहे. पहिल्यांदा तिला हसू आलं. आता काडी ती स्वतः घालते. फुंकर मात्र माझी.

ही फुंकर मी कुठं शिकलो ते तुम्हाला माहीत आहे. केमच्या एका शेतकऱ्याचं इंजिन आपण दुरुस्त केलं होतं. मला वाटलं, काम झालंय तर दिसायलाही नवं दिसावं. टाकीला हिरवा रंग दिला, झाकणालाही दोन हात मारले. तुम्ही त्या दिवशी शेडमध्ये नव्हतात. चार दिवसांनी निरोप आला, इंजिन सुरू होतं आणि अर्ध्या तासात मान टाकतं. रेल्वेनं केमला उतरून मी एकटा गेलो. दिवसभर पंप खोलला, नोझल खोललं, फिल्टर धुतला. टाकी काठोकाठ भरलेली आणि इंजिन उपाशी. शेतकरी बांधावरून म्हणतोय, "मेस्त्री, कांद्याला पानी न्हाय बगा. तुमचं आजून किती चालनार हाय?" दुसऱ्या दिवशी तुम्ही आलात. कशालाच हात लावला नाहीत. नुसतं झाकण सैल केलंत. फुस्स करून हवा आत गेली आणि इंजिनानं जो सूर धरला तो धरला. झाकणाचं बारीक भोक माझ्या रंगानं बुजलं होतं.

"पेट भरेला, नाक दबेला," एवढंच म्हणालात. मग माझ्याकडे बघून, "तेल खाली यायला वरून हवा जावी लागते रे बाबा. रंग बघून इंजिन चालत नाही." शेतकऱ्यानं विचारलं, "कुनी बुजवलं हो हे?" मी मान खाली घातलेली. तुम्ही हात पुसत म्हणालात, "रंग मीच दिला, पाटील. म्हातारा झालो." आणि त्यानं तुम्हाला चार शब्द सुनावले ते ऐकून घेतलेत.

आता गेल्या आठवड्याचं. विमान तीन आठवडे शेडमध्येच उभं होतं. उन्हाळ्यात कुंभारीण माशी ओली माती आणून मिळेल त्या भोकात घर बांधते. पंखाखालच्या हवेच्या नळीतून मी दोनदा माती खरवडली आणि वैतागून चादरीच्या कडेची पांढरी चिंधी आत कोंबली. टोक बाहेर लोंबत होतं, ते बरं दिसेना, म्हणून तेही आत सारलं. पंख पांढरा, चिंधी पांढरी. आणि विसरलो. वस्ताद, तोच मी आणि तोच टापटिपीचा सोस!

मालकांना एका साखरपुड्याला जायचं होतं, उशीर झालेला. "मामा, काटा फुल्ल दाखवतोय की. चला, ठोकळे काढा." मी चाकापुढच्या ठोकळ्यावर बसून राहिलो. म्हणालो, काडी झाली, बाटली झाली, फुंकर राहिलीय. "अहो, ही काय उसाची ट्रॉली हाय का फुंकून चालवायला?" मी म्हटलं, "ट्रॉली बंद पडली तर कडेला लावता येते, मालक. वर कुठं कडा हाय?" कॅप्टन पोरगी तोंड फिरवून हसली. मी रबरी नळी शोधायला लागलो, सापडेना. घाईत तोंडच लावलं आणि ओठाला कापड लागलं.

चिंधी ओढून काढली. ती तशीच राहिली असती तर विमान वर गेलं असतं, काही वेळ छान चाललं असतं, आणि मग भरल्या टाकीनिशी इंजिन गप्प झालं असतं. पोरीनं चिंधी बघितली, माझ्याकडे बघितलं आणि ती माझ्या हातातून घेऊन खिशात टाकली. "काय झालं?" मालकांनी विचारलं. "कुंभारणीनं माती भरली होती, सर. मामांनी काढली." मी उघडलेलं तोंड मिटलं.

संध्याकाळी सुखरूप परत आल्यावर मालकांनी मला नवी कोरी चादर दिली. "मामा, तुमच्यामुळं वाचलो." आणि दोन पावलं जाऊन वळून म्हणाले, "आता असं करा, उभं असताना सगळ्या भोकांत चिंध्या कोंबून ठेवत जा. माशी बसायला नको." पोरीनं मला वाचवायला सांगितलेल्या खोट्यानंच उद्याचा अपघात शिवून तयार ठेवला होता. केममध्ये तुम्ही दोष अंगावर घेतलात, पण भोक कशानं बुजलं ते सगळ्यांना दिसलं होतं. इथं ते कुणालाच कळलं नव्हतं.

तीन दिवस चादर पिशवीतून काढली नाही. आज सकाळी ती घेऊन मालकांसमोर उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. पोरीचा दोष नाही, तिनं माझ्या म्हातारपणाची दया केली, हेही सांगितलं. मालक म्हणाले, "इतके दिवस गप्प का बसलात?" मी म्हटलं, "शेड सुटंल म्हणून." "सोमवारी बघू," म्हणाले. चादर टेबलावरच राहिली.

सोमवारी काय व्हायचं ते होवो. दुपारीच मी नळीत नीट बसणारं बूच कातून घेतलं, त्याला हातभर लांब लाल पट्टी शिवली, वाऱ्यावर फडफडेल अशी, आंधळ्यालाही दिसेल अशी. पट्टीच्या दुसऱ्या टोकाला विमानाच्या किल्लीची कडीच शिवून टाकली. बूच काढल्याशिवाय किल्ली विमानात नेता येणार नाही. शेडच्या दारावर खडूनं लिहिलं : चिंधी कोंबायची नाही. आणि पोरीला समोर उभं करून फुंकर शिकवली. "जोरात न्हाय गं, दूध निववताना मारतात तेवढीच." ती म्हणाली, "मामा, तुमी सोमवारनंतर पन हायच की." मी म्हटलं, असलो-नसलो तरी फुंकर राहिली पाहिजे. पुन्हा करून दाखव. तिनं चारदा करून दाखवली.

हे पत्र टाकायला पेटी नाही आणि तुम्हाला पत्ता नाही. घडी करून अवजारांच्या डब्यात ठेवतो. एक मात्र सांगायचं राहिलंय. केमहून परतताना गाडीत मी खिडकीबाहेर बघत होतो, तेव्हा तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवलात. तुम्हाला वाटलं असेल, पोराला शरम वाटतेय. वस्ताद, शरम नव्हती. बोलणी तुम्ही खाल्लीत म्हणून मला बरं वाटत होतं.