वाण वेगळं, विक्री वेगळी

॥ श्री गणेश प्रसन्न ॥

पेण, १६ जानेवारी २०२५

चि. सौ. हेमांगीस,
अ. उ. आ.

संक्रांतीला तू फोन केलास आणि तिळगूळ घे म्हणायच्या आधी बारा हजारांचं पॅकेज घे म्हणालीस. मला मध्ये बोलायला जागाच दिली नाहीस. तसंच शिकवतात म्हणे तुमच्या त्या साखळीविक्रीच्या कंपनीत. कागदावर कोणी अडवत नाही, म्हणून हे पत्र.

गोपाळरावांचा ओव्हरटाइम बंद झाला. ईराच्या अलिबागच्या हॉस्टेलचे दरमहा साडेचार हजार कुठून आणायचे, हा तुझा घोर मला कळतो. मेपर्यंत सोय झाली नाही तर तिला घरी आणू, रोज एस.टी.ने जाऊन-येऊन शिकेल, असं ते म्हणाले. पोरगी त्यात शिकणार नाही, नुसती प्रवास करील. घरबसल्या काही विकून हे पैसे उभे राहत असतील तर मी आनंदाने बाप्पाला एकवीस मोदकांचा नैवेद्य दाखवीन.

पण मी मॅट्रिक झालेली बाई. साबण खपला की तुला चार पैसे सुटतात, एवढं गणित मला कळतं. मी बारा हजार भरले की तुला पैसे, मग मी कोणाला तरी भरायला लावायचं की मला पैसे, हे मात्र कळत नाही. ओळखीच्या बायका संपल्या की काय करायचं? मी तुझ्या खाली नाव घालणार नाही. एवढंच लिही, तू विकलेलं कोणी दुसऱ्यांदा, स्वतःहून मागितलं का?

समोरच्या कारखान्यात माघी गणपतीच्या मूर्तींची घाई चालू आहे. रंगाच्या वासाने ह्यांना शिंका, आणि मला मात्र प्रसन्न वाटतं.

रागाव हवं तर, पण लोभ पातळ करू नकोस.

तुझी ताई,
वृंदा


॥ श्री ॥

रोहा, ३० जानेवारी २०२५

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

राग आलाच. मला कंपनीत आणणारी दिपिका, ती पार्लरवाली, तिला तुझं पत्र वाचून दाखवलं. ती म्हणाली, घरचीच माणसं पाय ओढतात. मला ते पटलंही. पण त्यानंतर जे झालं ते ऐक.

रविवारी माझ्याकडे हळदीकुंकू होतं. वाण म्हणून मी प्रत्येकीला कंपनीच्या भांडी घासायच्या लिक्विडची छोटी बाटली दिली. युक्ती दिपिकाची, वाणाचं वाण आणि जाहिरातीची जाहिरात. निघताना सगळ्यांचे फोन नंबर घेतले आणि दुसऱ्या दिवसापासून मी दारोदार, बाटली आवडली का, मोठी कधी घेताय?

मागच्या आळीत ठमाबाई राहतात. धरमतरकडच्या, मिठागरावर उन्हात उभं आयुष्य गेलेलं. त्या आल्या आणि बाटली माझ्या उंबऱ्यावर ठेवून म्हणाल्या, आमी वाण घेतलं गो, उधारी नाय घेतली. आणि मागे वळून न बघता गेल्या. ताई, संक्रांतीचं वाण परत आलं! आईच्या वेळेपासून असं कधी ऐकलंयस? आता मी आळीत दिसले की बायका दार लोटून घेतात.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर, दुसऱ्यांदा मागितलं गेलं ते फक्त भांड्यांचं आणि फरशीचं लिक्विड. वजन उतरवायची पावडर आणि गोरं व्हायचं क्रीम कपाटात पडून आहे, माझ्याच पैशांचं. ईराला कळवून टाकलं, मेमध्ये सामान बांधायचं आहे. ती नुसतं बरं म्हणाली.

काय करू ते सांग. आणि मनात राग धरू नकोस.

तुझी,
हेमा


॥ श्री गणेश प्रसन्न ॥

पेण, १ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. हेमांगीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र आजच मिळालं. पोस्टाच्या भरवशावर राहिले तर रथसप्तमी निघून जाईल, म्हणून हे शेजारच्या विशालबरोबर पाठवते. तो रोह्याला शिफ्टला येतो.

आधी डोळे पूस. विकण्यात पाप नाही. पण वाण देतो तेव्हा समोरची बाई आपली देवी असते, आणि देवीला आपण मागाहून बिल पाठवत नाही. चूक एवढीच. मंगळवारी रथसप्तमी, त्याच्या आत ठमाबाईंकडे जा. खण, नारळ, तांदूळ घेऊन ओटी भर. कंपनीचं नाव काढू नकोस. त्या बोलतील ते ऐकून घे.

न उघडलेला माल कंपनी मुदतीत परत घेते. इथल्या एकीने भांडून परत दिला होता. तूही माग, फोनवर बोलायला तर तुला शिकवलेलंच आहे!

मग फक्त ती दोन लिक्विडं ठेव. चाळीस बायका खाली घालण्यापेक्षा चाळीस घरांत महिन्याला एकेक जोडी जाणं सोपं. मी आकडे मांडून पाहिलेत, हॉस्टेल निघतं. एक जोडी माझ्याकडे पाठव. बहीण म्हणून सूट दिलीस तर परत करीन.

आज आरतीत तुझं नाव घेतलंय. पोचल्याचं कळव, तोवर जीव थाऱ्यावर नाही.

तुझी ताई,
वृंदा


॥ श्री ॥

रोहा, २७ एप्रिल २०२५

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुकड्यातुकड्याने सांगितलं, पण तुझ्या उपकारांसाठी पत्रच हवं.

ठमाबाईंनी ओटी घेतली, कोरा चहा दिला आणि मोठ्या बाटलीची किंमत विचारली. तुझा हुकूम म्हणून मी गप्प. तर चिडल्याच. अगो, फुकट दिली तवा मागं लागलीस, आता विकत मागतंय तर बोलत नाय, कशी बाय तू! मग सांगितले एकशेऐंशी. त्यांनी एकशेसाठवर आणले. संध्याकाळपर्यंत आळीभर झालं, हेमांगीकडे भाव करता येतो.

पावडर आणि क्रीम परत गेलं. थोडी कपात झाली, पण बहुतेक पैसे आले. दिपिका महिनाभर बोलली नाही, आता बोलते. मी तिचेही आभार मानले. तिच्याआधी मी परक्याच्या दाराची बेल कधी वाजवली नव्हती.

चैत्रातल्या हळदीकुंकवाला बायका फाटकाशीच घुटमळत होत्या. ठमाबाई दारात उभ्या राहून मोठ्याने म्हणाल्या, आज काय विकायला हाय का? मी म्हटलं, आज आंब्याची डाळ आणि पन्हं, बाकी काही नाही. तशा त्या मागे वळल्या, या गो, आज भ्यायचं नाय. इतक्या हसलो आम्ही! मोगऱ्याचे गजरे वाटले आणि कोणाचाही नंबर घेतला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांतल्या बऱ्याच जणी आपणहून आल्या, रिकाम्या पिशव्या घेऊन.

रिक्षाभाडं जाऊन महिन्याला पाचएक हजार हातात राहतात. दिपिका सांगायची त्या आकड्यांपुढे हे काहीच नाही. पाठ दुखते, बाटल्या जड असतात, आणि घरबसल्या म्हणतात त्यात बसणं तर अजिबात नाही. पण देवाच्या दयेने मार्च-एप्रिलचं हॉस्टेल मी भरलं. काल ह्यांनीच विषय काढला, पोरीला कळव, तिथेच राहू दे.

लगेच फोन केला. म्हटलं, ईरा, सामान बांधू नकोस. ती म्हणाली, आई, मी बांधायला घेतलंच नव्हतं.

तुझ्या आरतीत आमची नावं अशीच राहू देत.

तुझी,
हेमा