चाळीस गुणांचा कागद

३ जुलै

नाही झालं! दिल्लीच्या कॉलेजात खो-खोसाठी मुलींची एकच जागा होती आणि ती सोनलला मिळाली. आमच्याच संघातली सोनल. ट्रायलला पहिल्या मिनिटात बाद झाली, ती!

मी तीन मिनिटं वीस सेकंद पळाले. नाबाद. तिथल्या मॅडम स्वतः म्हणाल्या, "बहुत बढ़िया."

मतलब काय त्या बढ़ियाचा?

४ जुलै

यादी पुन्हा पाहिली. ट्रायलला साठपैकी मला चोपन्न, तिला एकतीस. पण सर्टिफिकेटचे चाळीस गुण वेगळे. तिला पूर्ण चाळीस — डिसेंबरच्या राष्ट्रीय स्पर्धेतलं रौप्य. मला बारा, जिल्ह्याचे.

राष्ट्रीय? ती तर तिथे नव्हतीच! अंगभर कांजिण्या घेऊन घरी झोपली होती. म्हणून तर आमचे कोच भगवान सर, त्यांनी निघायच्या आदल्या दिवशी मला तिच्या जागी संघात घेतलं. सहाच्या सहा सामने मी खेळले. ओळखपत्रं, कागद, सगळं सरांच्या बॅगेत. "तू सिर्फ़ खेल, बाक़ी मैं देख लूँगा."

आणि माझं सर्टिफिकेट? "तेरा बाद में आएगा, बेटा." सात महिने झाले!

७ जुलै

सांगानेरच्या मैदानावर गेले, प्रॅक्टिसच्या. सर मुलींना वॉर्मअप देत होते, माझ्याकडे बघेचनात. शेवटी म्हणाले, "ऊपर से आता है, मेरे हाथ में क्या है?"

वर कोण आहे ते मला माहीत आहे. वर सोनलचा मामा आहे — संघटनेचा सचिव.

९ जुलै

सोनल भेटली. सरळ विचारलं. "मैंने थोड़े ही माँगा था," म्हणाली. "मामाजी ने लाकर दिया."

"तो वापस कर दे."

स्कूटीची किल्ली बोटात फिरवत उभी राहिली. मग हळूच म्हणाली, "तू तो अगले साल भी आ जाएगी. मेरा तो यही एक चांस था."

खरंच तसं वाटतं तिला! दोन वर्षं हिच्या मागे बसून प्रॅक्टिसला गेले. आज चालत घरी जगतपुऱ्याला आले. सहा किलोमीटर. रडले नाही.

१० जुलै

सांगलीहून आत्याचा फोन. "अगं, खेळाच्या नादाला लागण्यापेक्षा अभ्यास केला असतास तर!"

फोन आईकडे दिला.

१२ जुलै

बाबांना म्हटलं, कॉलेजला लिहायचंय. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "येत्या मार्चमध्ये आपली इथून बदली होणार. कशाला वाकड्यात शिरायचं? ही माणसं मोठी असतात बाळा."

"आणि आपण?"

चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला त्यांनी. मला त्यांचा राग आला, मग कीव आली, मग पुन्हा राग.

आई भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तू लिहितेस ते खरं आहे ना? मग पाठव. मला वाचून दाखव आधी." वाचलं. एका ठिकाणी म्हणाली, "'चोर' काढ तेवढं."

काढलं. मनात ठेवलं.

१३ जुलै

पाठवलं. लिहिलं — सोनल त्या स्पर्धेत एकही सामना खेळलेली नाही, कागद खोटा आहे, सामन्यांचे गुणतक्ते मागवून बघा.

१८ जुलै

सोनल हॉस्टेलवर गेली. नव्या कॉलेजच्या गेटसमोरचा फोटो टाकलाय. चारशे लाइक. त्यात भगवान सरांचाही.

२४ जुलै

कॉलेजचं उत्तर आलं. तक्रार निराधार. सोबत अंतिम सामन्याचा गुणतक्ता. सगळं बरोबर आहे त्यात — दोन्ही डावांतली माझी पळती, सेकंदासकट. पुढे नाव, सोनल. माझं नाव पानावर कुठेच नाही. मी सोनल म्हणून खेळले होते आणि मलाच माहीत नव्हतं!

शेवटच्या ओळीत विचारलंय — आपला या संघाशी संबंध काय?